रुमालावरची नाममुद्रा

परवा वर्गात एका विद्यार्थिनीने उभे राहून विचारले, "मॅडम, रुखवत म्हणजे नक्की काय हो?" पाठात तो शब्द आला होता आणि तिथे तिची गाडी अडली होती. मी म्हटले, सांगते. लग्नाआधी वधूपक्षाकडून वरपक्षाला फराळाची ताटे जात, ते मूळचे रुखवत. पुढे त्या ताटांच्या शेजारी मुलीच्या हातची कामे मांडायची रीत पडली. भरतकामाचे अभ्रे, मण्यांचे तोरण, सुपाऱ्यांची नवरानवरी आणि क्रोशाचे पांढरेशुभ्र रुमाल. आमची मुलगी गुणी आहे, हे तोंडाने न बोलता टेबलावर मांडून सांगायचे, एवढाच त्यातला मतलब. मागच्या बाकावरची एकजण म्हणाली, "आमच्या ताईच्या लग्नात होते की! भाड्याने आणले होते. दुसऱ्या दिवशी परत केले." सगळा वर्ग हसला. मीही हसले.

संध्याकाळी ही गंमत आईला सांगितली. डोळ्याचे ऑपरेशन झाल्यापासून आई आमच्याकडे संगमनेरलाच असते. ती शेंगा सोलत बसली होती. मला वाटले, तीही हसेल. तिने हातातली शेंग तशीच खाली ठेवली आणि विचारले, "भाड्याचं? मग रुमालावर नाव कुणाचं घालतात?"

या सदरात मी एरवी शब्दांविषयी लिहिते, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. दिवाळी अंकाची सवलत घेऊन या वेळी सुईदोऱ्याविषयी लिहिणार आहे. आईच्या प्रश्नानेच मला या कामाला लावले. शिवाय रुमालावरचे नाव म्हणजे शब्दच की! तेव्हा बाई आपला विषय सोडून भलतीकडे गेल्या, असे कोणी म्हणू नये.

ज्यांनी नावाचा रुमाल पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. बारीक पांढऱ्या दोऱ्याने चौकोनी घरांची जाळी विणायची. काही घरे रिकामी ठेवायची, काही दोऱ्यानेच भरून टाकायची. भरलेल्या घरांतून फूल उमटते, मोर उमटतो, नाहीतर एखादे नाव उमटते. क्रोशा हा शब्द मूळचा फ्रेंच. त्याचा अर्थ लहानसा आकडा. विणायच्या सुईच्या टोकाला असतो तो हा आकडा. चौकटींच्या या प्रकाराला तिकडे 'फिले' म्हणतात, म्हणजे जाळे. पूर्वी कोळ्याच्या जाळ्यासारखी गाठींची जाळी आधी तयार करीत आणि मग तिच्यातली घरे सुईने भरीत. क्रोशाची सुई आल्यावर जाळी आणि भरणी ही दोन्ही कामे एकदमच होऊ लागली.

इंग्रजीत अशा छोट्या रुमालाला डॉयली म्हणतात. मला वाटे, हाही विणकामातलाच शब्द असेल. कोश उघडला तर भलतेच निघाले. सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये स्ट्रँड रस्त्यावर डॉयली आडनावाचा एक कापडवाला होता. त्याच्या दुकानातल्या कापडाला त्याचे नाव पडले आणि पुढे ते रुमालाला चिकटले. पिढ्यान्‌पिढ्या रुमाल विणले बायकांनी, आणि नाव राहिले दुकानदाराचे!

नावांची ही अशीच गंमत असते. कधीकधी ती गंमत राहत नाही.

माझ्या लहानपणी आम्ही प्रवरेकाठच्या अकोल्याला राहत होतो. बाहेरच्या खोलीत फळीवर रेडिओ होता आणि रेडिओवर एक क्रोशाचा रुमाल. त्याच्या चारी कडांना लहान लहान फुले होती आणि मधोमध काहीतरी वाकडीतिकडी नक्षी. मला ती नक्षी कुंपणासारखी वाटे. आजी बातम्या ऐकायला बसली की मी त्या कुंपणाची घरे मोजत असे.

मी पहिलीत होते तेव्हाची गोष्ट. नुकती अक्षरे जुळवायला लागले होते आणि दिसेल ते वाचत सुटले होते. दुकानांच्या पाट्या, एस. टी.च्या पाट्या, चहाच्या पुड्याचा कागद, काहीही. एका सकाळी परसात आईने धुणे वाळत घातले होते. दोरीवर तो रुमाल होता आणि त्याच्यातून ऊन येत होते. मी पाहिले, तर कुंपणाची अक्षरे झालेली! मी मोठ्याने वाचले, "कु-सु-म." मग आईला विचारले, "आई, कुसुम कोण?"

आईचे नाव मालती. आजोळी तिला लहानथोर सगळे 'बेबी' म्हणत. कुसुम नावाचे कोणी आमच्या नात्यात नव्हते. आई बादलीतले धुणे पिळत होती. ती म्हणाली, "होती एक. माझ्याच वर्गात होती."

माझे समाधान झाले. मुलांचे लवकर होते.

उत्तराचा उरलेला भाग मला कळायला २००५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी माझे लग्न ठरले. बैठकीत याद्या झाल्या, देण्याघेण्याचे झाले, आणि उठता उठता सासरच्या एका वडीलधाऱ्या बाईंनी हसत विचारले, "मग ताटात नाव कोणतं लिहायचं ठरवलंत?" वधू घरात आली की लक्ष्मीपूजन होते, ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात तिचे नवे नाव लिहितो, हे वाचकांना सांगायला नको. नाव बदलण्याची सक्ती कायद्यात कुठेही नाही. ती तांदळाच्या ताटातच काय ती होती. बाईंनी काही वाईट हेतूने विचारले नव्हते. पण माझी आई, जी व्याह्यांपुढे पदर सावरण्यापलीकडे काही बोलत नसे, ती दारातून म्हणाली, "बाकी सगळं तुमच्या रीतीनं होऊ द्या. नाव तेवढं तिचंच राहू द्या."

क्षणभर कोणी बोलले नाही. मग माझे सासरे म्हणाले, "बरोबर आहे. एम. ए.च्या सर्टिफिकेटवरही तेच आहे." विषय तिथे मिटला. सर्टिफिकेटाचा असा उपयोग होईल, हे मला शिकताना कधी सुचले नव्हते.

त्या रात्री अंथरुणे घालताना आईने रुमालाची गोष्ट सांगितली. मॅट्रिकच्या सुट्टीत तिने तो विणला होता. शाळेतल्या शिवणाच्या बाईंनी चौकटीच्या कागदावर नाव काढून दिले होते. दोन महिने लागले. १९७७ साली लग्नात तो रुखवतात मधोमध मांडला होता आणि सगळ्यांनी हातात घेऊन पाहिला होता. मग ती सासरी आली, तांदळात 'मालती' लिहिले गेले आणि रुमाल रेडिओवर गेला. आठवड्याभराने माझी आजी म्हणाली, "आता या घरात कुसुम कोणी नाही. पाहुणे विचारतील." मग आजी जरा थांबली आणि म्हणाली, "कष्टाची वस्तू आहे, टाकवत नाही." तिने रुमाल उचलला, उलटा केला आणि पुन्हा रेडिओवर घातला.

जाळीच्या विणकामाला सुलटी-उलटी बाजू नसते. दोन्हीकडून ते सारखेच सुबक दिसते. फक्त अक्षरे आरशातल्यासारखी फिरतात, आणि कडेला फुले असली की बघणाराला तीही नक्षीच वाटते. आजीचा मला राग आला. आई म्हणाली, "त्यांचंसुद्धा नाव बदललेलंच होतं गं. त्यांना त्यात काही वाटत नव्हतं, किंवा वाटायचं राहून गेलं होतं."

मी विचारले, "मग तू कधीच तो सरळ केला नाहीस?"

"दर आठवड्याला मीच धुवायचे ना," आई म्हणाली. "वाळत घालताना सरळ घालायचे."

तो रुमाल आता नाही. घर बदलताना कुठेतरी गेला. इतकी वर्षे मी ही गोष्ट मनात ठेवली होती. भाड्याच्या रुखवताने ती बाहेर काढली.

मराठी शिकवणाऱ्याला अशा वेळी कविता आठवाव्यात, हे ओघानेच आले. आपल्या संतांनी अभंगाच्या शेवटी आपले नाव घातले. त्याला आपण नाममुद्रा म्हणतो. तुकोबांची आहे, आणि दासी म्हणवणाऱ्या जनाबाईचीही आहे. आमच्या संगमनेरचे शाहीर अनंत फंदी (१७४४ ते १८१९) यांनीही आपले नाव रचनांत गुंफले. ही मुद्रा असली की रचना कोणाची, हे पुसले जात नाही. पोथी जळो, घराणे बुडो, म्हणणाराच्या तोंडी नाव राहते. ज्यांना अभंग रचता आला नाही, लावणी रचता आली नाही, त्या बायकांनी आपली मुद्रा कुठे उमटवायची? माझ्या आईच्या पिढीने ती रुमालात उमटवली. म्हणून भाड्याचे रुखवत ऐकून तिला पहिला प्रश्न नावाचा पडला.

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. आंध्रात गोदावरीच्या मुखाशी नरसापूर म्हणून गाव आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनरी बायकांनी तिथे क्रोशाची लेस शिकवली आणि आजूबाजूच्या खेड्यांतल्या हजारो घरांत तो धंदा झाला. माल परदेशी जाऊ लागला. मारिया मीस या जर्मन विदुषीने १९८२ साली त्या बायकांवर पुस्तक लिहिले. दिवसाचे कितीतरी तास विणणाऱ्या त्या बायकांची गणना कामगारांत होत नव्हती; त्या 'घरीच असतात' आणि फावल्या वेळात विणतात, असे धरून मजुरी दिली जात होती. २०२४ साली नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. गावाचे नाव झाले, याचा आनंद आहेच. विणणारीचे नाव मात्र लेसवर कुठे नसते.

याच्या उलट एक उदाहरण ऑस्ट्रेलियातले. मेरी कार्ड (१८६१ ते १९४०) ही तिथली शिक्षिका. ऐकू येईनासे झाले म्हणून तिला शाळा सोडावी लागली. मग तिने क्रोशाचे नमुने काढायला सुरुवात केली. चौकटीच्या मोठ्या कागदावर, घर न्‌ घर मोजता येईल असे. ते नमुने तिच्या नावाने छापले जात आणि तिच्या नावाने मागितले जात. कान गेले, पण नाव घरोघर गेले.

आपल्याकडे हे काम मासिकांनी केले. १९३० साली किर्लोस्करांनी 'स्त्री' मासिक सुरू केले. तशा मासिकांच्या पानांतून लेखांच्या जोडीने विणकामाचे नमुने घरांत शिरले आणि बायका ते कापून वहीत चिकटवू लागल्या. माझ्या मावशीची तसली एक वही होती. तिच्यात एका पानावर मोर, दुसऱ्या पानावर बदक आणि मधल्या पानांवर नातलग मुलींची नावे, चौकटीत बसवलेली.

असो. या गोष्टी लिहून झाल्यावर हातावर हात ठेवून बसणे मला बरे वाटेना. मी आईला म्हटले, "मला शिकव." ती म्हणाली, "या वयात?" मी म्हटले, "तू या वयात शिकव, मी या वयात शिकते." दुसऱ्या दिवशी कॉलेजातून येताना बाजारपेठेतून दोरा आणि सुई घेऊन आले. आईने मला जे शिकवले तेच इथे देते, म्हणजे हा लेख वाचून कुणाला हुरूप आला तर तो वाया जाऊ नये.

दोरा चांगल्या पिळाचा, मर्सराइज्ड सुती घ्यावा. मर्सर हे इंग्लंडातल्या एका रसायनतज्ज्ञाचे नाव. सुतावर दाहक सोड्याची प्रक्रिया केली की ते बळकट होते, हे त्याने १८४४ साली शोधले. (पाहा, इथेही नाव आलेच!) वीस नंबरचा दोरा नवशिक्यांना बरा. दोऱ्याचा नंबर जितका मोठा तितका तो बारीक, हे दुकानात ध्यानात ठेवावे. सुई सव्वा मिलिमीटरची. चौकटीचा कागद, पेन्सिल आणि खोडरबर हवेतच. खोडरबर दोऱ्यापेक्षा जास्त लागते.

टाके दोनच: साखळी आणि खांब. सुईवर एकदा दोरा घेऊन काढलेला उभा टाका म्हणजे खांब. एक खांब, दोन साखळ्या, पुढचा खांब. झाले एक रिकामे घर. त्या दोन साखळ्यांच्या जागी दोन खांब घातले की घर भरले. म्हणजे एका भरल्या घराचे चार खांब दिसतात, शेजारच्या दोन घरांचे सात, तीन घरांचे दहा. घरांना तिनाने गुणून एक मिळवायचा. मला गणिताची भीती, पण एवढे जमले.

तीन अक्षरी नावाला पस्तीस घरांची रुंदी पुरते. पायाला ११० साखळ्या घालाव्यात. सुईपासून आठव्या साखळीत पहिला खांब घातला की पहिले घर झाले. मग दोन साखळ्या घालून, पायातल्या दोन सोडून, तिसरीत खांब. असे शेवटपर्यंत गेले की बरोबर पस्तीस घरे होतात. ओळ संपली की काम उलटे फिरवायचे. पुढची ओळ रिकाम्या घराने सुरू होत असेल तर पाच साखळ्या, भरल्या घराने होत असेल तर तीन. हात सैल की घट्ट, यावर घराचे माप ठरते. साधारण अर्धा सेंटिमीटर धरावे. म्हणजे रुमाल सतरा-अठरा सेंटिमीटर रुंद होईल. आधी दहा घरांचा एक तुकडा विणून पाहावा आणि तो मोकळेपणाने उसवावा. क्रोशाचे सुख हे की सुईवर एकच टाका असतो. चुकले तर दोरा ओढा, पुन्हा विणा.

आता माझ्या विषयातला भाग. इंग्रजी मोठी अक्षरे चौकटीच्या कागदावर मुकाट्याने बसतात. पाच घरे रुंद, सात घरे उंच, झाले. आपली देवनागरी इतकी सोशिक नाही. तिला डोक्यावर मात्रा, वेलांटी आणि रफार हवा, पायाशी उकार हवा, आणि मधे सगळ्यांना बांधणारी शिरोरेषा हवी. १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढणारे जावजी दादाजी यांनी देवनागरीच्या सुबक खिळ्यांसाठी जे कष्ट घेतले, त्यांची मला या कागदाने नव्याने जाणीव करून दिली. आईच्या बाईंचा हिशेब असा होता: शिरोरेषेची एक ओळ, अक्षराच्या अंगाच्या सात, खाली उकारासाठी तीन, वर वेलांटी-मात्रेसाठी तीन. एकूण चौदा ओळी. खाली-वर चार-चार रिकाम्या ओळी धरल्या की बावीस ओळींचा सुरेख आडवा रुमाल होतो.

रुंदीचा हिशेब नावाप्रमाणे करावा. 'कुसुम'चे उदाहरण घ्या. क-ला नऊ घरे, स-ला नऊ, म-ला सात, अक्षरांमधल्या दोन जागांना दोन-दोन आणि दोन्ही कडांना तीन-तीन, झाली पस्तीस. शिरोरेषा मधल्या जागांवरूनही सलग न्यावी, नाहीतर नाव सुटे सुटे दिसते.

पहिले अक्षर 'प' काढून पाहावे. तो देवनागरीतला सर्वात समजूतदार. सात घरे रुंद घ्या. वरच्या ओळीत सातही भरा, ती शिरोरेषा. पुढच्या चार ओळींत फक्त दुसरे आणि सहावे घर. त्याखालच्या ओळीत दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंत पाचही. शेवटच्या दोन ओळींत एकटे सहावे. झाला प. त्याच पाच घरांच्या ओळीत डावीकडचे पहिलेही घर भरले की गाठ बसते आणि प-चा म होतो. न, ग, त हेही दंडाचे आणि सरळ वळणाचे. र, श आणि ळ यांची वळणे पायऱ्यापायऱ्यांनी उतरवावी लागतात. जवळून दातेरी दिसली तरी चार हातांवरून गोल दिसतात. जोडाक्षरे शेवटी घ्यावीत. 'प्रज्ञा' नावाच्या मुलीने रुंदी वाढवून घ्यावी आणि आईवडिलांना दोष देऊ नये.

दोन गोष्टी विसरू नयेत. विणकाम खालून वर जाते, म्हणून नाव पायाकडून जन्मते: आधी उकार, मग अक्षराचा दंड, सर्वात शेवटी शिरोरेषा. आणि काम दर ओळीला फिरते, म्हणून कागदही तसाच वाचायचा: पहिली ओळ उजवीकडून डावीकडे, दुसरी डावीकडून उजवीकडे. मी पहिल्या दिवशी सगळ्या ओळी डावीकडूनच वाचल्या आणि माझे 'कु' पाहून आईने विचारले, "हे मोडीत आहे का?"

रुमाल झाल्यावर त्याला खळ द्यावी. चमचाभर साबुदाणा भिजवून दोन वाट्या पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवावा, गाळावा आणि कोमट असताना रुमाल त्यात बुडवून हलका पिळावा. जाड टॉवेलवर चारी कोपरे ओढून, न गंजणाऱ्या टाचण्या लावून, सावलीत वाळवावा. घरे चौकोनी होतात आणि अक्षरे बोलू लागतात.

ज्यांना एवढा धीर नाही त्यांनी लहान वस्तू कराव्यात. पुस्तकात ठेवायची खूण अकरा घरांत होते. पायाला अडतीस साखळ्या, मधोमध नावाचे पहिले अक्षर आणि खाली गोंडा. बारशाला बाळाचे नाव विणून द्यावे. ते नाव तरी बदलायचे नसते. पाण्याच्या तांब्यावरच्या रुमालाला कडेने काचेचे मणी ओवावेत, म्हणजे वाऱ्याने उडत नाही. क्रोशा येत नसेल त्यांनी चौकटीचा तोच कागद समोर ठेवून मॅटीच्या कापडावर फुलीच्या टाक्याने नाव भरावे. एका घराला एक फुली. दारावर 'सुस्वागतम्' लावणाऱ्यांना एक सूचना: पाहुण्यांना ते सुलट दिसते, पण घरातल्या माणसांना जन्मभर उलटे वाचावे लागते. घरच्या माणसांचाही थोडा विचार करावा.

रुमाल ठेवायचा कुठे, हा प्रश्न काही वाचक विचारतील. रेडिओ गेला, आणि आताचे टी. व्ही. भिंतीला पाल चिकटावी तसे चिकटलेले. त्यांच्या डोक्यावर रुमाल राहत नाही. मीही हाच विचार करीत होते. माझा पहिला रुमाल महिन्याभरात झाला. त्यात तीन चुका आहेत, आणि त्या कुठे आहेत हे मी सांगणार नाही. त्यावर नाव घातले 'कुसुम'.

वसुबारसेच्या संध्याकाळी देवघरासमोरच्या पाटावर तो अंथरला आणि त्यावर समई ठेवली. अक्षरे सुलट आहेत ना, हे दोनदा पाहिले. मग आईला बोलावले. ती आली, चष्मा लावला, वाकली आणि बोटाने एकेक घर चाचपत नावावरून हात फिरवला. शेजारी माझी मुलगी उभी होती. तिने विचारले, "आजी, कुसुम कोण?"

आई म्हणाली, "मी."

मग ती पुन्हा वाकली, समई जरा बाजूला सरकवली आणि मला म्हणाली, "पहिला उकार लांबला आहे गं. दीर्घ वाटतोय. मराठीची ना तू?"